बीज कुणाचे, क्षेत्र कुणाचे? मनूचा बीजवाद आणि पेशींची साक्ष

२५ डिसेंबर ही तारीख आपल्याला दोन गावांमुळे ठाऊक आहे. १९२७ साली या दिवशी महाडला मनुस्मृती जाळली गेली. १९५४ साली याच दिवशी बाबासाहेबांनी देहूरोडला, रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. पिंपरी, भोसरी, चाकण, तळेगाव या पट्ट्यात मराठवाडा, विदर्भ, सोलापूरकडून कामाला आलेले हजारो भीमसैनिक दरवर्षी त्या दिवशी देहूरोडला जातात.

महाडला जे पुस्तक जळाले त्यात नेमके काय होते, असे विचारले तर आपला तरुण पटकन सांगतो : शूद्राने संपत्ती साठवू नये, वेद ऐकू नये, स्त्रीने स्वतंत्र राहू नये. हे सगळे त्यात आहेच. पण या सगळ्याच्या मुळाशी असलेला एक सिद्धांत सहसा कुणी सांगत नाही. तो म्हणजे मूल कसे होते आणि ते कुणाचे असते, याबद्दलचा सिद्धांत. जातीच्या शुद्धतेची, कुळाच्या अभिमानाची, मुलगाच हवा या हट्टाची आणि बाईवरच्या पहाऱ्याची मुळे तिथे आहेत. पुस्तक जळाले, हा सिद्धांत मात्र अजून आपल्या बोलण्यात जिवंत आहे.

मनूची शेती

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात स्त्रीला क्षेत्र म्हणजे शेत आणि पुरुषाला बीज म्हटले आहे. दोघांत बीज श्रेष्ठ, कारण शेतात जे पेराल तेच उगवते, असा युक्तिवाद केलेला आहे. म्हणजे मुलाचे गुण, रूप, वर्ण सगळे पुरुषाकडून येते आणि आई ही फक्त जमीन.

आपल्या भोसरी-चाकणच्या भाषेत सांगायचे तर हे जॉबवर्क झाले. ड्रॉइंग कंपनीचे, माल कंपनीचा. छोट्या वर्कशॉपने फक्त मशीन चालवायचे आणि तयार जॉब परत पाठवायचा. जॉबवर नाव कंपनीचे. मनूने बाईला असे जॉबवर्कचे युनिट बनवले.

त्याच अध्यायात पुढे आणखी एक गोष्ट आहे, आणि ती जास्त बोलकी आहे. दुसऱ्याच्या शेतात कुणी बी टाकले तर पीक बी टाकणाऱ्याचे होत नाही, शेताच्या मालकाचे होते. वळू कुणाचाही असो, वासरू गाईच्या मालकाचे. आता पाहा : निसर्गाचा प्रश्न आला तेव्हा बीज श्रेष्ठ. मालकीचा प्रश्न आला तेव्हा शेताचा मालक श्रेष्ठ. शेताचा मालक कोण? नवरा. दोन्ही उत्तरांत बाईच्या वाट्याला काहीच आले नाही. हा सिद्धांत निरीक्षणातून आलेला नाही, सातबाऱ्यातून आलेला आहे.

उत्तर सोयीप्रमाणे बदलते

दहाव्या अध्यायात मनू संकर जातींची यादी देतो, आणि तिथे त्याचाच बीजवाद कोसळतो. बीज श्रेष्ठ असेल तर ब्राह्मण पुरुष आणि शूद्र स्त्री यांचे मूल ब्राह्मण व्हायला हवे. पण मनू त्याला निषाद किंवा पारशव म्हणतो. उलट शूद्र पुरुष आणि ब्राह्मण स्त्री यांच्या संततीला तो चांडाळ ठरवतो. म्हणजे खालचे रक्त आईकडून आले तरी मूल घसरते आणि बापाकडून आले तर ते तळालाच जाते. वरचे रक्त मात्र कोणत्याच बाजूने त्याला पुरते वर आणत नाही.

बाबासाहेबांनी ‘रिडल्स इन हिंदुइझम’मध्ये यावर दोन स्वतंत्र प्रकरणे लिहिली आहेत. अठराव्या कोड्यात त्यांनी मनूच्या यादीला साधे अंकगणित लावले. देशात चांडाळ ठरवल्या गेलेल्या लोकांची संख्या प्रचंड. ती सगळी ब्राह्मण स्त्री आणि शूद्र पुरुष यांच्या संबंधातून आली म्हणायचे, तर प्रत्येक ब्राह्मण स्त्री शूद्राच्या घरी नांदली असती तरी हिशेब लागत नाही. एका सिद्धांताने करोडो माणसांना जारज ठरवले आणि कुणी साधी बेरीजसुद्धा करून पाहिली नाही.

एकोणिसाव्या कोड्यात त्यांनी विचारले : मुलाला बापाचा वर्ण मिळण्याची जुनी रीत बदलून आईच्या वर्णावर का आणली? परिणाम पाहा. बापाचा वर्ण मिळत होता तोवर पराशराला मत्स्यगंधेपासून झालेला व्यास ब्राह्मण ठरत होता. नियम बदलल्यावर वरच्या वर्णाचा पुरुष खालच्या वर्णाच्या बाईपाशी जायला मोकळा, आणि होणारे मूल मात्र त्याच्या घराबाहेर. सवय तीच राहिली, जबाबदारी गेली. ज्या नियमाला ‘प्रकृती’ म्हणून सांगितले जाते तो असा हवा तेव्हा फिरवता येत असेल, तर ती प्रकृती नाही, ते राजकारण आहे.

पेशी सापडायला दोनशे वर्षे लागली

बीजवाद फक्त भारतात होता असे म्हणणे खोटे ठरेल. ग्रीसमध्ये अ‍ॅरिस्टॉटलनेही आई फक्त द्रव्य देते आणि आकार बाप देतो असेच मानले होते. १६७७ मध्ये हॉलंडच्या लेव्हेनहूकने सूक्ष्मदर्शकाखाली शुक्रपेशी पाहिल्या. त्यानंतर १६९४ मध्ये हार्टसूकरने शुक्रपेशीच्या डोक्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या चिमुकल्या माणसाचे चित्र काढले. म्हणजे यंत्र नवीन आले आणि डोळे जुनेच राहिले.

अंडपेशी माणसाच्या शरीरातली सर्वांत मोठी पेशी. तिचा व्यास सुमारे एक दशांश मिलिमीटर, नजर चांगली असेल तर ठिपक्यासारखी नुसत्या डोळ्यांनी दिसावी एवढी. तरीही सस्तन प्राण्याची अंडपेशी फोन बेअरने ओळखली ती १८२७ मध्ये, शुक्रपेशी दिसल्यानंतर दीडशे वर्षांनी. १८७६ मध्ये ऑस्कर हर्टविगने समुद्री साळिंदराच्या अंड्यात शुक्रपेशी शिरून दोन्ही केंद्रके एक होतात, हे दाखवले. आणि १८८३ मध्ये बेल्जियमच्या व्हान बेनेडेनने घोड्याच्या पोटातल्या जंताच्या पेशी तपासून मोजून सांगितले की फलित अंड्यात गुणसूत्रे बापाकडून जेवढी येतात तेवढीच आईकडून येतात. मनूचा नववा अध्याय खऱ्या अर्थाने तिथे संपला. त्याच वर्षी जोतीराव फुले पुण्यात ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहीत होते, आणि त्याच्या एक वर्ष आधी बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ छापून शास्त्रकारांना जाब विचारला होता.

माणसाच्या पेशीत गुणसूत्रे ४६ असतात, हा नक्की आकडा टियो आणि लेव्हान यांनी प्रसिद्ध केला तो १९५६ मध्ये. नागपूरच्या धम्मदीक्षेचे ते वर्ष.

जननपेशीत काय असते

शरीराच्या इतर पेशींत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीत एक आईकडून आलेले, एक बापाकडून. शुक्रपेशी किंवा अंडपेशी तयार होताना या जोड्या फुटतात आणि प्रत्येक जोडीतले एकच गुणसूत्र पुढे जाते. कोणते जाईल हे नाणेफेकीसारखे आहे. २३ जोड्यांची २३ नाणी एकाच वेळी उडवली तर ८३ लाख ८८ हजार ६०८ प्रकारचे निकाल लागू शकतात. ज्यांना चौऱ्यांशी लक्ष योनींचे फार कौतुक आहे त्यांनी हे लक्षात घ्यावे, की एकाच माणसाच्या जननपेशींत जवळजवळ तेवढेच वेगवेगळे संच बनू शकतात. शिवाय जोडीतली गुणसूत्रे वेगळी होण्याआधी एकमेकांशी तुकड्यांची अदलाबदल करतात, ती वेगळीच.

म्हणून ‘शुद्ध बीज’ नावाची वस्तू निसर्गात असूच शकत नाही. प्रत्येक जननपेशी ही आजी-आजोबांच्या वारशाची नव्याने पिसलेली पाने असते. कुळाचे गुण जसेच्या तसे पुढे नेणारी कुपी शरीर बनवतच नाही.

आता सात पिढ्यांचा अभिमान घेऊ. दोन पालक, चार आजी-आजोबा, आठ पणजी-पणजोबा, असे मोजत सातव्या पिढीला गेलो तर १२८ पूर्वज होतात. आडनाव आणि कुळ सांगताना आपण त्यातल्या एकाच पुरुषाचे नाव घेतो. बाकी १२७ जणांना वंशावळीतून काढून टाकतो, आणि त्यात सगळ्या ६४ बाया असतात. ज्याचे नाव घेतो त्याच्याकडून बाप-मुलगा या ओळीने अखंड येणारी गोष्ट एकच, ‘वाय’ गुणसूत्र, आणि ते सगळ्यांत लहान गुणसूत्रांपैकी एक आहे. ‘वंशाचा दिवा’ म्हणतात त्याची वात एवढीच.

उलट आईकडून येणारे पाहा. २३ गुणसूत्रे तर येतातच. शिवाय पेशीला ऊर्जा देणाऱ्या तंतुकणिका अंडपेशीतूनच येतात आणि त्यांचा स्वतंत्र डीएनए आईकडूनच मिळतो. आणखी एक गोष्ट. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिच्या अंडपेशींची तयारी झालेली असते. म्हणजे १९५४ च्या डिसेंबरात देहूरोडच्या गर्दीत एखादी पाच-सहा महिन्यांची गरोदर बाई उभी असेल आणि तिच्या पोटात मुलगी असेल, तर त्या मुलीला पुढे होणाऱ्या लेकरांची सुरुवातही त्या दिवशी तिथेच, आजीच्या उदरात होती. मनू जिला जमीन म्हणाला, तिची ही गोष्ट आहे.

सुप्रजननाचा नवा मुखवटा

विसाव्या शतकात पाश्चात्त्य देशांत सुप्रजननशास्त्राची लाट आली तेव्हा आपल्याकडच्या सनातन्यांना नवा वकील मिळाला. जात म्हणजे रक्त शुद्ध ठेवण्याची शास्त्रीय व्यवस्था, असे ते सांगू लागले. १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि न होऊ दिलेल्या ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ या भाषणात बाबासाहेबांनी हा दावा त्याच्याच मैदानात खोडला. जात सुप्रजननासाठी असेल तर पोटजाती कशासाठी? एकाच जातीच्या पोटजातींत कोणते रक्तभेद होते म्हणून बेटीबंदी घातली? आणि रोटीबंदी कशासाठी? एका पंगतीत जेवल्याने रक्तात काय मिसळते? शेवटी त्यांनी निकालच पुढे ठेवला : हजारो वर्षे हा प्रयोग केला आणि तयार काय झाले, तर लष्करात भरती व्हायला बहुसंख्य अपात्र ठरावेत अशी खुजी, दमखम नसलेली प्रजा.

१९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये तर त्यांनी मानववंशशास्त्रज्ञांनी घेतलेली नाकाची मापेच पुरावा म्हणून मांडली आणि दाखवले, की या मापांवर विश्वास ठेवायचा तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात.

मग जात आली कुठून? याचे उत्तर त्यांनी ९ मे १९१६ ला कोलंबिया विद्यापीठातल्या निबंधात दिले होते. भारतातले लोक आधीच सरमिसळ झालेले होते. त्यांच्यावर जातीतच लग्न करण्याचा नियम नंतर लादला गेला, आणि तो टिकवण्यासाठी सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन रीती बाईच्या देहावर बसवल्या गेल्या. म्हणजे आधी कुंपण आले, जात त्यातून झाली.

यानंतर सुमारे शंभर वर्षांनी जनुकशास्त्राने काय सांगितले? हैदराबादच्या सीसीएमबी आणि हार्वर्डच्या संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात उपखंडात व्यापक सरमिसळ झाली आणि नंतर ती थांबत गेली. २०१६ मध्ये कल्याणीच्या संस्थेतील संशोधकांनी वरच्या जातींत हे मिसळणे सुमारे ७० पिढ्यांपूर्वी एकाएकी थांबल्याचे मांडले आणि त्याचा संबंध गुप्तकाळाशी जोडला. अस्पृश्यतेचा उगम बाबासाहेबांनी इ.स. ४०० च्या सुमाराला ठेवला होता, हेही आठवून पाहा.

आपल्याच छावणीतला बीजवाद

इथे एक गोष्ट आपल्याच माणसांना सांगितली पाहिजे. २००१ मध्ये बमशाद आणि सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध आला. तेव्हापासून ‘डीएनएने सिद्ध केले, ब्राह्मण परदेशी, आपण मूलनिवासी’ असे फलक आपल्या मेळाव्यांत लागतात. तो अभ्यास आंध्रमधल्या विशाखापट्टणमकडच्या काही जातींच्या नमुन्यांवर होता. त्यातला सगळ्यांत गाजवला गेलेला भाग ‘वाय’ गुणसूत्राचा, म्हणजे बाप-मुलगा-नातू या एकाच ओळीचा. १२८ पैकी एका पूर्वजावरून माणूस देशी की परदेशी हे ठरवणे म्हणजे मनूचाच बीजवाद उलटा करून पांघरणे आहे. आर्य आक्रमणाचा वंशसिद्धांत बाबासाहेबांनी १९४६ च्या ‘शूद्र पूर्वी कोण होते?’मध्ये नाकारला होता. ब्राह्मण्याशी लढायला आपल्याला ब्राह्मणाचे गुणसूत्र तपासावे लागत नाही. आपली लढाई नियमाशी आहे, रक्ताशी नाही. रक्ताशी लढायला निघालो तर जिंकूनही मनूच जिंकेल.

भाटनगर

हा नियम आज कुठे दिसतो? फार लांब जायला नको. पिंपरीच्या भाटनगरात कंजारभाट समाजाची वस्ती आहे. या समाजातल्या तरुण-तरुणींनी लग्नाच्या रात्री नववधूच्या कौमार्याची परीक्षा घेण्याच्या प्रथेविरुद्ध मोहीम उघडली. जानेवारी २०१८ मध्ये भाटनगरातल्या एका लग्नात मोहिमेतल्या तरुणांना मारहाण झाली आणि प्रकरण पोलिसांत गेले. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी २०१९ मध्ये, अशी चाचणी लैंगिक अत्याचार मानून गुन्हा नोंदवला जाईल असे राज्य सरकारने जाहीर केले.

या समाजाकडे बोट दाखवून हसणाऱ्यांनी त्याचा इतिहास वाचावा. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने सबंध जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. गुन्हा बीजातून उतरतो, असे इंग्रजी राज्याने कायद्यात लिहिले. तो शिक्का १९५२ मध्ये निघाला. ज्यांच्या रक्तावर राज्याने कलंक लावला, त्यांच्यातल्या पंचांनी आपल्या मुलींच्या देहावर पहारा बसवला. वरच्यांनी लादलेली शुद्धता खालच्याने आणखी खाली ढकलायची, याला बाबासाहेब श्रेणीबद्ध विषमता म्हणत. भाटनगरच्या त्या मुलामुलींनी जे केले ते महाडचेच काम आहे, आणि आंबेडकरी चळवळीने त्यांच्या शेजारी उभे राहायला हवे.

आणि आपल्या घरात?

आपल्या वधू-वर मेळाव्यातला परिचयपत्राचा नमुना काढून बघा. धम्म : बौद्ध, असे लिहिल्यावर त्याखाली पोटजातीचा रकाना कशाला लागतो? विदर्भातला मुलगा मराठवाड्यातल्या मुलीला, मातंग घरातली मुलगी बौद्ध घराला ‘चालत नाही’ तेव्हा तिथे कोणते शास्त्र बोलत असते? तिसरी मुलगी झाली म्हणून सुनेला टोमणे मारणाऱ्या घरात बाबासाहेबांचा फोटो असतो. मुलगा की मुलगी हे शुक्रपेशीत ‘एक्स’ आहे की ‘वाय’ यावर ठरते, हे विज्ञानाला विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून माहीत आहे. मनूने सगळे श्रेय पुरुषाच्या बीजाला दिले. मुलगी झाली की मात्र तोच समाज दोष शेताला देतो. गर्भलिंग तपासणीला आळा घालणारा देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्रातच करावा लागला, तो याच मानसिकतेमुळे.

कुंपणाची किंमत शरीरही मोजते. विदर्भातून इथे आलेल्या आपल्या अनेक कुटुंबांत सिकलसेलचे जनुक आहे. पिंपरी कॅम्पात फाळणीनंतर वसलेल्या सिंधी समाजात थॅलेसेमियाचे वाहक अधिक आढळतात. यात अशुद्ध काही नाही. सिकलसेलच्या वाहकाला मलेरियापासून संरक्षण मिळते म्हणूनच ते जनुक टिकले. पण आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर दोघांच्याही निम्म्या जननपेशींत ते जनुक जाते, आणि प्रत्येक गरोदरपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक असते. पिढ्यान् पिढ्या त्याच घरांत लग्ने लावली की दोन वाहक एकत्र येण्याची शक्यता वाढते. आंतरजातीय लग्न हे यावरचे औषध आहे असे म्हणता येणार नाही, कारण वाहक कुठल्याही जातीत असू शकतो. खरा उपाय लग्नाआधीची रक्ततपासणी. कुंडली बघणे आपण बावीस प्रतिज्ञांबरोबर सोडले; मग निदान हा कागद तरी बघू या.

१८६३ मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तिथे बाळंत झालेल्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. बीज कुणाचे, क्षेत्र कुणाचे, हे त्यांनी विचारले नाही. तो यशवंत डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये त्याने पुण्याजवळ उघडलेल्या दवाखान्यात सावित्रीबाईंनी रोग्यांची सेवा केली आणि त्यातच त्या गेल्या. फुले घराण्याचा वारसा जननपेशीतून आला नव्हता. तो दिलेला होता आणि घेतलेला होता.

येत्या २५ डिसेंबरला देहूरोडला जाल तेव्हा मनुस्मृती दहनाच्या घोषणा द्याच. पण त्याआधी आपल्या वधू-वर मंडळांच्या अर्जावरचा पोटजातीचा रकाना खोडून घ्या, त्या जागी सिकलसेल-थॅलेसेमिया तपासणीचा रकाना घाला, आणि आपल्या वस्तीत जातीबाहेर लग्न करणाऱ्या मुलामुलींना राहायला खोली आणि नोंदणीला साक्षीदार मिळतील याची हमी द्या. जात पेशीत नाही, लग्नाच्या यादीत आहे. ती यादी आपल्या हातात आहे.

जय भीम!